ट्रॉलीचे काढलेले पाटे

दादा,

‘झुंबऱ्या, आठवीतून पळालास आणि मला ट्रॉली शिकवतोस?’ असं काल ग्लायडर क्लबच्या साहेबांसमोर म्हणालास आणि कानाखाली मारलीस. ते राहू दे. पण त्यांचं ते बिनइंजिनाचं विमान आज त्याच ट्रॉलीवरून धुळ्याला न्यायचंय.

आपली ट्रॉली तीन टन कांद्याची. विमान पंखांसकट सात-आठ गोण्यांएवढंच भरतं. एवढ्याशा वजनाला तिच्या स्प्रिंगचे पाटे दबतच नाहीत, ती नुसती उडते. पहाटे तिच्यात सात गोण्या आणि भरलेली बादली ठेवून नाक्यापर्यंत नेली, तर अर्धी बादली सांडली. मग दोन्हीकडचे चार-चार पाटे काढले, बादली पुन्हा भरली आणि तेवढीच नेली. थेंब सांडला नाही. बादली अजून ट्रॉलीतच आहे, बघ.

पण घरी आल्यावर दिसलं की नट ढिले झालेत. पाटे कमी झाले, त्यामुळे ते आवळणारे यू-बोल्ट लांब पडतात आणि आटे संपून नट घट्ट बसत नाहीत. हे आधी माझ्या लक्षात आलं नाही, चूक माझी. नाशिक रोडला सोमा लेथवाल्याकडून काढलेल्या पाट्यांच्या जागी घालायला जाड पट्ट्या कापून आणतो.

साहेब आले तरी ट्रॉली हलवू नको. तू ऐकणार नाहीस, म्हणून ट्रॅक्टरला जोडायची पिन खिशात घेतलीय. आल्यावर दुसऱ्या कानाखाली मार. सातची बस जाईल, निघतो.