वाचता येत नसल्याचा दाखला

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला
(जिन्यातला दिवा गेला आहे त्या बाजूने)

विषय : माझी नात, इयत्ता तिसरी, हिला वाचता येत नसल्याचा दाखला मिळणे व बंद केलेला दुपारचा वाचनवर्ग पुन्हा सुरू होणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ :
१) आपण स्वतः २१ ऑगस्ट रोजी केलेली शाळेची तपासणी.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व ते न वाचता पाठवलेली तीन उत्तरे.
३) इयत्ता तिसरीचे भाषेचे पुस्तक, पान ३२.

महोदय,

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वरील विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करतो की, 'सविनय' हा शब्द अर्जात घालावा लागतो म्हणून घातला आहे. पहिल्या अर्जाच्या वेळी तो खरा होता.

१. माझ्या नातीला घरी भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. आपण तिला ओळखता. २१ ऑगस्ट रोजी आपण तिसरीच्या वर्गात आलात, बाईंच्या टेबलावरचे पुस्तक उचलून तळहातावर ठेवलेत, ते सहज उघडलेत आणि दुसऱ्या बाकावरच्या तिला म्हणालात, "हं बाळ, कुठलंही पान घेऊ. हे वाच बघू." तिने वाचले. स्वल्पविरामाला दम घेतला, पूर्णविरामाला थांबली, प्रश्नचिन्ह आले तिथे आवाज चढवला आणि उद्गारचिन्हाला तर भुवयासुद्धा उडवल्या. आपण बाईंकडे वळून म्हणालात, "बघा, याला म्हणतात वाचन!" त्यानंतर आणखी चार मुलांनी तेच पान तसेच वाचले. आपण शेरा मारलात, 'शंभर टक्के'.

त्या शेऱ्यावरून आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. शाळेच्या फाटकावर 'संपूर्ण वाचनसक्षम शाळा' असा निळा फलक लागला. त्यावर काय लिहिले आहे हे तिसरीतल्या एकाही मुलाला सांगता येत नाही. दुसरे म्हणजे, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी दुपारी एक तास चालणारा वाचनवर्ग बंद झाला, कारण मागे पडलेले कुणी उरलेच नाही. तो वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेला आपण आपल्या कार्यालयात बसवले आहे. कुठल्या शाळेत किती टक्के मुलांना वाचता येते, याचे तक्ते त्या भरतात.

२. सप्टेंबरात माझ्या डाव्या डोळ्याचे मोतिबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्याला पट्टी, दुसरा डोळा आधीच रजेवर. त्या आठवड्यात आमच्या सौभाग्यवती बहिणीकडे गेल्या होत्या आणि सून सकाळी सातला कामावर जाते. घरात मी आणि भिंगरी. खिडकीत दोन बाटल्या होत्या. एक माझ्या डोळ्याच्या थेंबांची, दुसरी सौभाग्यवतींच्या कानाच्या थेंबांची. मी म्हटले, "भिंगरे, डोळ्याची बाटली दे गं." तिने दिली. दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी डोळ्यात विस्तव पडल्यासारखे झाले, तेव्हा मी म्हणालो, "बाळा, बाटलीवर काय लिहिलंय ते वाच बरं."

माझ्या नातीने बाटली हातात धरली, लेबलावर बोट ठेवले, बोट डावीकडून उजवीकडे सरकवत नेले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचले :

"एका विहिरीच्या काठावर एक खार राहत होती. तिला पोहता येत नव्हते."

मी दुसरी बाटली वाचायला सांगितली. दुसऱ्या बाटलीवरही तीच खार राहत होती.

दोन दिवस कानाचे थेंब गेल्याने माझ्या डोळ्याला ऐकू येऊ लागले असे नाही. पण डॉक्टरांकडून मला जे ऐकावे लागले ते इथे लिहिण्यासारखे नाही. डोळा वाचला. हे क्रियापद सध्या आमच्या घरात फक्त डोळ्याला लागू आहे.

३. ती खोटे बोलत नव्हती, हे आपण ध्यानात घ्यावे. वाचणे म्हणजे हेच, अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. मोठ्या माणसाने 'वाच' म्हटले की बोट सरकवायचे आणि खार म्हणायची. मग मोठे माणूस 'शाब्बास' म्हणते. आपणही म्हणालात.

तिची वही मागवून सुनेकडून वाचून घेतली. रोजचे दहा ओळी शुद्धलेखन, अक्षर मोत्याचे दाणे, एक वेलांटी चुकलेली नाही, प्रत्येक पानावर बाईंची चांदणी. शेवटच्या ओळीखाली तिने दररोज '३२' हा आकडाही तितक्याच सुबकपणे लिहिला आहे, कारण तो पुस्तकातल्या पानाच्या तळाशी असतो. व्याकरणही पक्के आहे. 'नाम म्हणजे काय?' विचारले की 'कोणत्याही व्यक्तीच्या, वस्तूच्या किंवा गुणाच्या नावाला नाम म्हणतात' हे एका दमात येते. मग सुनेने कागदावर तिच्यासह तीन मुलींची नावे लिहिली आणि 'तुझ्या नावावर बोट ठेव' म्हटले. तिने तिन्हींवर फिरवून बोट खाली घेतले आणि म्हणाली, "आई, हे पुस्तकात नाहीये."

४. पट्टी सुटल्यावर मी शाळेत गेलो. भिंगरीच्या बाई माझ्या हाताखाली नव्याने नोकरीला लागल्या होत्या, त्या मला अजून गुरुजी म्हणतात. मी आवाज चढवला. त्यांनी दार लावून घेतले. म्हणाल्या, "गुरुजी, ओरडा, पण आधी ऐका. शेहेचाळीस पोरं आहेत. जून-जुलै घरोघरच्या याद्या करण्यात गेला. ऑगस्टात साहेब येणार असं कळलं. दोन आठवड्यांत शेहेचाळीस पोरांना वाचायला कसं शिकवू? एक पान शिकवता येतं."

महोदय, आता मी आपणांस पान ३२ चे रहस्य सांगतो, कारण एवढ्या वर्षांत ते आपल्या कार्यालयात कुणालाच कळलेले दिसत नाही. तिसरीचे पुस्तक चौसष्ट पानांचे आहे. त्याच्या पिना मध्यभागी मारलेल्या आहेत. असे पुस्तक तळहातावर ठेवून सहज उघडले, तर ते पिनांपाशी उघडते. डावीकडे पान ३२, खारीचा धडा. उजवीकडे पान ३३, खारीचे चित्र. तपासणीला येणारा प्रत्येक साहेब 'कुठलंही पान' म्हणतो आणि प्रत्येकाला तेच कुठलंही पान मिळते.

५. मी पहिला अर्ज केला, की माझ्या नातीला वाचता येत नाही, तरी तपासणीचा शेरा दुरुस्त करून वाचनवर्ग सुरू करावा. उत्तर आले : 'आपल्या नातीच्या वाचनातील यशाबद्दल कार्यालय अभिनंदन करते.'

मी स्वतः कार्यालयात आलो. टेबल क्रमांक चारचे लिपिक स्वभावाने चांगले आहेत, त्यांनी मला बसायला खुर्चीही दिली. म्हणाले, "आजोबा, वाचता येतं असा दाखला हवा तर आत्ता देतो, शिक्का हातातच आहे. येत नाही याचा नमुनाच नाही आमच्याकडे." मी विचारले, "मग वर्ग सुरू कसा होणार?" ते म्हणाले, "शाळेत वाचता न येणारं एक तरी मूल नोंदलेलं पाहिजे." मी म्हटले, "ते नोंदवायलाच आलोय." ते म्हणाले, "नोंद दाखल्यावरून होते." मी खुर्चीवरून उठलो. उठलो नसतो तर खुर्ची उचलली असती.

दुसऱ्या अर्जात मी कोऱ्या कागदावर दाखला मागितला. उत्तर आले : 'सदर मागणी विद्यार्थिनीची असल्याने तिने स्वहस्ताक्षरात अर्ज करावा व त्यात आपणांस लिहिता-वाचता येत नसल्याचे नमूद करावे.' हे वाक्य मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "पुन्हा कानाचे थेंब टाकलेत की काय डोळ्यात?"

६. तिसऱ्या अर्जावर आपण चौकशी अधिकारी पाठवलेत. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्यांनी भिंगरीला समोर बसवले, पुस्तक तळहातावर ठेवले आणि सहज उघडले.

मी म्हणालो, "साहेब, एक पान उलटा. फक्त एक."

ते म्हणाले, "आजोबा, पोरीच्या मनावर ताण आणू नका."

भिंगरीने खार म्हटली. भुवया उडवल्या. अधिकाऱ्यांनी तिला बक्षीस म्हणून पेन दिले आणि अहवालात लिहिले, 'तक्रारीत तथ्य नाही. आजोबांना नातीचे कौतुक सहन होत नसावे.' पेन चांगले चालते. त्याच पेनाने मी हा अर्ज लिहीत आहे.

त्या रागात मी चार दिवस कुणाशी बोललो नाही. बोलावेसे वाटले ते सगळे या अर्जात घालणार होतो आणि दोन पाने घातलीही होती. ती पाने फाडली, कारण पाचव्या दिवशी एक गोष्ट आठवली. आठवली म्हणजे काय, ती रोजच आठवत होती. पाचव्या दिवशी तिच्याकडे बघितले.

७. पिनांची युक्ती माझी आहे.

तिसरीचा वर्ग मी अठ्ठावीस वर्षे शिकवला. नोकरीच्या सहाव्या वर्षी, तपासणीच्या आदल्या दिवशी, माझ्या लक्षात आले की पुस्तक नेमके कुठे उघडते. त्या वेळी त्या पानावर खार नव्हती, कुंभार होता. मी मुलांकडून कुंभार घोटून घेतला. शेरा उत्तम आला. मग मी ही गंमत मधल्या सुट्टीत इतर शिक्षकांना सांगितली. सगळे पोट धरून हसले. नव्याने लागलेल्या शिक्षकांना मी ती पहिल्याच आठवड्यात सांगत असे. भिंगरीच्या बाईंना मीच सांगितली, "पोरी, घाबरतेस काय, पिना कुठे आहेत ते बघ." गुणवंत शिक्षक म्हणून मला याच कार्यालयाने पदक दिले, तेव्हा माझ्या वर्गाचे वाचन सलग बावीस वर्षे शंभर टक्के होते.

मी तेव्हा असे म्हणत असे, की साहेबांना कुंभार देतो आणि उरलेले वर्षभर मुलांना खरे शिकवतो. पहिली काही वर्षे तसे केलेही. पुढे साहेब खूश होते, मुख्याध्यापक खूश होते, पालक खूश होते आणि कुंभार फार छान म्हणत असत मुले. त्यांतल्या किती जणांना आज औषधाची बाटली वाचता येते, मला माहीत नाही. मी कधी पान उलटून बघितले नाही.

भिंगरीही ऑगस्टपासून रोज संध्याकाळी माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसत होती, खार म्हणत होती. मीसुद्धा 'शाब्बास' म्हणत होतो. माझ्या डोळ्यांत मोतिबिंदू होता हे खरे आहे; पण कान शाबूत होते.

तेव्हा हा अर्ज मी तक्रारदार म्हणून करतो आहे आणि आरोपी म्हणूनही. आपण मला यातून सोडू नये. मी आपल्याला सोडणार नाही.

८. ऑक्टोबर अखेरपासून मी भिंगरीला रोज शिकवतो आहे. पुस्तक बंद करून ठेवले आहे. सून कामावर जाताना स्वयंपाकघरात चिठ्ठी ठेवते, तिच्यावरून शिकवतो. पहिले दहा दिवस प्रत्येक चिठ्ठीत खार निघाली. अकराव्या दिवशी ती 'डबा' या शब्दापाशी थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि ओट्यावरचा डबा उचलून म्हणाली, "आजोबा, हा? हा हाच?" मी हो म्हणालो. त्या दिवशी ती एका जागी तासभर बसली होती. आमच्या घरात हे कुणाला खरे वाटले नाही.

पण मी एकटा आहे आणि वर्गात शेहेचाळीस मुले आहेत. उरलेल्या पंचेचाळीस जणांच्या घरी निवृत्त शिक्षक नाहीत, आणि माझ्यासारखे असतील तर नसलेलेच बरे. सबब माझ्या मागण्या अशा :

एक, शाळेचा शेरा रद्द करून शेहेचाळीस मुलांना वाचता येत नसल्याची नोंद व्हावी. नमुना नसेल तर तयार करावा. इतर सर्व गोष्टींचे नमुने आपल्याकडे आहेत. दोन, वाचनवर्गाच्या शिक्षिकेला तक्त्यांतून सोडवून सोमवारपासून वर्गावर पाठवावे. तीन, भिंगरीच्या बाईंवर कारवाई करू नये. तशी हुक्की आलीच तर त्या युक्तीचा मूळ जनक खाली सही करत आहे, पत्ता सोबत आहे आणि दुपारी दोननंतर घरीच असतो. चार, निर्णयापूर्वी आपण पुन्हा एकदा वर्गात यावे, तेच पुस्तक तळहातावर ठेवावे, सहज उघडावे आणि एक पान उलटावे. त्यानंतर वर्गात जी शांतता होईल तिला पूर्ण एक मिनिट उभे राहून ऐकावे. टक्केवारी त्यानंतर काढावी.

दुसऱ्या अर्जाच्या उत्तरात आपण मागितल्याप्रमाणे विद्यार्थिनीचा स्वहस्ताक्षरातील अर्ज सोबत जोडला आहे. तो लिहायला तिला चार दिवस लागले. मी मजकूर सांगितला नाही व दुरुस्तही केला नाही. त्यात चुका आहेत. तिच्या वहीतल्या दोनशे निर्दोष ओळींत तिचे स्वतःचे काहीच नव्हते. या चुका तिच्या स्वतःच्या आहेत. कार्यालयात कुणी त्यांना लाल शाई लावू नये.

उत्तराची वाट पाहत नाही, मुलांची शाळा सुटायच्या आत कृतीची पाहतो.

आपला, अजूनही नम्र राहण्याचा प्रयत्न करणारा,
(सही)
भिंगरीचे आजोबा,
निवृत्त प्राथमिक शिक्षक

दिनांक : ४ डिसेंबर

सोबत :
१) कानाच्या थेंबांची रिकामी बाटली, लेबलासह.
२) शुद्धलेखनाची वही, एक.
३) गुणवंत शिक्षक पदक, एक. परत. पोच द्यावी.
४) विद्यार्थिनीचा अर्ज, पुढीलप्रमाणे :

साहेब
मला बतीस पान येत. चौतीस येत नाही.
वर्गात कोनालाच येत नाही.
तुमी परत या. मी खार मननार नाही.