काठावरून मोजलेली राई

सर, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि तुमच्या गाठी मारलेल्या दोरीनेच मी अजून झाडं मोजते. खांदेश्वरच्या घरी ती बाल्कनीतल्या खिळ्याला असते. येणारेजाणारे विचारतात, कपडे वाळत घालायला आहे का. मी हो म्हणते, कोण समजावत बसणार.

ती दोरी तुम्ही मला ओरडल्यानंतर दिलीत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, ओळीत लावलेल्या उंदीरमारीच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या गिरिपुष्पाच्या, झाडांत मी मधली काटेरी झुडपं टाळून मोजणीचा चौकोन पायवाटेलगतच आखला होता. तुम्ही सगळी दोरी सोडायला लावलीत. 'वाटेवरून दिसतं ते वाटेने जाणाऱ्यालाही दिसतं. मग तुझं काय काम?' तिथून थेट देवराईत नेलंत. देव मानत नव्हतात, तरी काठावर चपला काढल्यात आणि मलाही काढायला लावल्यात. पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात जातो, खालची माती गार लागते, आणि तुम्ही विचारताय, पायाला कळतंय का ही किती जुनी आहे? म्हातारा बेहडा, त्याच्या बुंध्याशी त्याचीच रोपं, कुजलेल्या ओंडक्यावर अळंबी, वर गारंबीचा वेल. लागवडीत सगळी एका वयाची, म्हणून ते वसतिगृह. इथे आजोबांपासून तान्ह्यापर्यंत सगळे, म्हणून हे घर, असं तुम्ही म्हणालात. मला तेव्हा हसू आलं होतं.

चार वर्षांपूर्वी त्याच देवराईची पाहणी माझ्याकडे आली. रस्ता तिच्यातून न्यायचा की वळवायचा, हे माझ्या कागदावर ठरणार होतं. मे महिना, भर दुपार, पायात लेसचे उंच बूट. काठावर गावातल्या एक आजी शेळ्या राखत बसल्या होत्या. 'बूट काढून जा गो आत,' त्या म्हणाल्या. 'देवाची जागा हाय.' आत मुंगळे होते, मला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. त्यांच्यासमोर बूट घालून शिरायची लाज वाटली आणि काढायचा कंटाळा आला. मी पाचही चौकोन काठाकाठाने आखले. काठावर उंदीरमारी केव्हाच घुसली होती. कागदावर लिहिलं: लागवड, एका वयाची झाडं. राई पुढच्याच हिवाळ्यात तोडली. मी बघायला गेले नाही.

काल मला तिथे परत पाठवलं, तोडलेल्या राईच्या बदल्यात लावलेली रोपं जगली का ते बघायला. रस्त्याच्या कडेने उंदीरमारी, ओळीने, सगळी एका उंचीची. त्याच आजी भेटल्या. जिथे पूर्वी राईचा काठ होता तिथे त्यांनी चपला काढल्या आणि खडीवरून अनवाणी माझ्याकडे आल्या. ओळखलं त्यांनी मला. 'तू ती बूटवाली ना गो? तूच येक बरी होतीस. बाकीचे सगले बूट घालून घुसले. तू आत नाय शिरलीस, देवाचा मान ठेवलास.'

तुम्ही असतात तर तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. तुम्ही नाही, म्हणून तर लिहिता येतंय. हा कागद दोरीच्या गुंडाळीत ठेवून देते. आजींना मी म्हटलं, 'हो आजी. देवाचीच जागा ना.'