पाण्याच्या पिंपाशिवाय भोपाळ

आई, आज आपल्या नानाखेड्याच्या गॅरेजमधून एक म्हातारा ट्रक डौलात बाहेर पडला आणि मला सगळ्यात आधी तुझी आठवण झाली. भल्याभल्या मिस्त्र्यांनी हात टेकलेली गाडी होती ती. जरा चढ लागला की तापायची. आताच्या गाड्यांच्या पंख्याला क्लच असतो, तुझ्या वेळी नव्हता. इंजिन थंड असलं की पंखा सैल पडतो, उगाच डिझेल खात नाही. तापलं की क्लच त्याला धरतो आणि तो जोरात फिरायला लागतो. कुणी काही सांगावं लागत नाही. पण आपल्या लोकांना आपलं आपण चालणारं काही पाहवत नाही ना! कुण्या शहाण्याने त्या क्लचमधून आरपार बोल्ट मारून पंखा कायमचा जखडून टाकला होता. त्या हिसक्यांनी पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं, पाणी ठिबकू लागलं, आणि पंखा सारखा गरगरत असूनही गाडी तापतच राहिली. मी बोल्ट काढून फेकले, नवा क्लच लावला, पंप बदलला. ड्रायव्हर कुरकुरला, "बाबूजी, इसका भरोसा नहीं होता, कब पकड़े, कब छोड़े." मी म्हटलं, "भैया, भरोसा करना पड़ता है. हमारी माँ ने किया था."

त्याला काय माहीत? ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तेव्हा बाबांची पिढीजात दरबारी कारकुनीही त्याच्याबरोबर गेली. आपल्या ओळखीतले कितीतरी जण नुसते उसासे टाकत बसले, बाबांनी मात्र ट्रक घेतला. उज्जैनचं अख्खं माधव नगर हसलं. मग बाबाच गेले. मी इंदूरच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलायला शिकत होतो, तो परत येऊन स्टिअरिंगवर बसलो, आणि धंदा तू हातात घेतलास. डोक्यावरचा पदर ढळू न देता ओट्यावरून व्यापाऱ्यांशी भाव करायचीस. "सेठजी, गाडी हमारी है तो बात भी हमसे करो," हे तुझं वाक्य मंडीत गाजलं होतं. ग्वाल्हेरचे मामा दर सणाला येऊन तेच तेच बोलायचे. "बाईमाणसाने ट्रक चालवायचा म्हणजे काय? त्यात ही गाडी सारखी तापते. विकून टाक आणि माझ्याकडे चल. तिथे तुला काही कमी पडणार नाही." तू हसून त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढायचीस. पण ते गेल्यावर भांडी जरा जोरात आपटायचीस, ते मला ऐकू यायचं.

मामांचं एक मात्र खरं होतं. आपली गाडी तापायची. तेव्हा सगळ्यांच्याच तापायच्या म्हणा. मागे पाण्याचं पिंप ठेवायचं, बॉनेटवर ओलं पोतं टाकायचं, आणि उकळी आली की सावली बघून थांबायचं, यालाच ट्रक चालवणं म्हणत. मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि उज्जैनच्या एका सरकारी कचेरीचं जुनं दफ्तर तिकडे हलवायचं काम निघालं. ऐन उन्हाळा होता. तू कुणाकुणाला भेटून एक खेप मिळवलीस. ती नीट पोचली तर पुढचं सगळं काम आपलं. त्या कचेरीचा बाबू गाडी बघायला आला आणि त्याला मागचं पिंप दिसलं. हातातला लाल कपड्यात बांधलेला कागदांचा बस्ता दाखवून तो म्हणाला, "माताजी, इन कागज़ों के साथ पानी की एक बूँद भी नहीं जाएगी. ड्रम उतारो." नेमके मामा त्याच आठवड्यात आलेले, आणि या वेळी गाडीला गिऱ्हाईकही ठरवून आलेले. ते म्हणाले, "घ्या! आता पाण्याशिवाय भोपाळ गाठा." तू तिथल्या तिथे त्यांना शब्द दिलास. "दादा, या खेपेला गाडी वाटेत उकळली तर तुझ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकीन, आणि तू म्हणशील तिथे येऊन राहीन. नाही उकळली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

गाडी का तापते ते मला ठाऊक होतं, पण ते तुला सांगायचं धाडस होत नव्हतं. इंजिनातून पाणी बाहेर पडतं तिथे थर्मोस्टॅट नावाची वाटीएवढी झडप असते. पाण्याला दोन वाटा असतात, एक रेडिएटरमधून थंड होऊन येण्याची लांबची, आणि एक तिथल्या तिथे इंजिनात परतण्याची जवळची. पाणी तापलं की झडप लांबची वाट उघडते आणि जवळची बंद करते. आपल्याकडचा प्रत्येक मिस्त्री ती काढून टाकायचा. "ठंडे मुलुक की चीज़ है, अपने यहाँ क्या काम?" बाबांनीही ऐकलं आणि स्वतःच्या हाताने काढून डब्यात टाकली. झालं काय, तर दोन्ही वाटा कायमच्या उघड्या राहिल्या आणि अर्धं पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच माघारी फिरू लागलं. मी हे सांगितलं तेव्हा तू पोळी लाटायची थांबलीस. "म्हणजे त्यांना कळत नव्हतं, असं म्हणायचंय तुला?" त्या आवाजाने मी चोविशीचा बाप्या पाटाखाली जागा शोधत होतो. मी कसाबसा म्हणालो, "कळत होतं गं. पण सगळ्यांनी मिळून चुकीचं सांगितलं."

तू हात पुसलेस, डबा काढलास, झडप उलटीपालटी करून पाहिलीस. "इतकी वर्षं पडून आहे. जिवंत आहे कशावरून?" मी सांगितलं की ती गरम पाण्यात सोडून बघतात, उघडली तर चांगली. पण त्यासाठी मला अंगणात विटा मांडाव्या लागल्या असत्या, कारण तुझ्या स्वयंपाकघरात ग्रीसचा वासही चालत नसे. तू म्हणालीस, "आधी आंघोळ घाल तिला." मी सोड्याने घासून आणली. आणि आई, मला ते अजून दिसतंय. तू चुलीवर पातेलं ठेवतेस, सुतळीने झडप डावाला बांधतेस, आणि डाव पातेल्यावर आडवा टाकून समोर बसतेस. दारातून मामा विचारतात, "आज इंजिनाची आमटी का?" तू वर बघत नाहीस. पाण्यातून वाफा निघतात, तरी झडप ढिम्म. माझा धीर सुटत चाललाय. तळाशी बुडबुडे धरतात, आणि मग ती हळूच, अगदी हळूच उघडते. तू तांब्याभर गार पाणी ओततेस, ती मिटते. पुन्हा जाळ सारतेस, पुन्हा उघडते. तू तो खेळ इतका लांबवतेस की भात शिजवायचा राहून जातो. शेवटी म्हणतेस, "ही तर शहाणी आहे रे. बसव. मी समोर उभी राहते."

खेपेच्या दिवशी तू केबिनमध्ये चढून बसलीस तेव्हा मामांनी कपाळावर हात मारला. मी, मध्ये तू, खिडकीशी बाबू. उज्जैन सुटलं नाही तोच तापमानाचा काटा भराभर चढू लागला. इतक्या लवकर तो कधीच इतका चढला नव्हता. झडप बंद असताना तो चढणारच, हे मला पाठ होतं, तरी मी रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघू लागलो. बाबू ओरडला, "माताजी, गाड़ी रुकवाओ, काँटा देखो!" माझा पाय ब्रेककडे गेलाही होता. तू शांतपणे म्हणालीस, "थांबवू नको. पातेल्यातही तिने वेळ घेतला होता." काटा आणखी चढला, थबकला, आणि जरासा खाली येऊन तिथेच बसला. "उघडली," तू म्हणालीस, जणू चुलीसमोरच बसली होतीस. देवास गेलं, सोनकच्छ गेलं, भर दुपारची लू तोंडावर येत होती, पण काटा हलला नाही. आष्ट्याच्या अलीकडे त्याच कामाचे दुसऱ्या मालकाचे ट्रक बॉनेट उघडून ओळीने उभे होते, आणि त्यांचे ड्रायव्हर रिकामे डबे घेऊन पार्वती नदीकडे चालले होते. तू म्हणालीस, "हॉर्न वाजव." मी म्हटलं, "अगं, समोर कुणीच नाही." तू म्हणालीस, "बाजूला आहेत ना!" मग मी असा हॉर्न वाजवला की बाबूसुद्धा हसला.

भोपाळला बस्ते उतरले. बाबूने हात जोडले, "माताजी, एक बूँद नहीं गिरी." सगळे पांगल्यावर तू बॉनेटवर हात ठेवून उभी राहिलीस आणि मोठ्याने म्हणालीस, "अहो, चुकलात तुम्ही!" आणि खळखळून हसलीस. बाबा असताना तू त्यांना असं कधी म्हटलं नव्हतंस. मी तुला तितकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी परतलो तर मामा ओट्यावरच होते. त्यांनी विचारायच्या आत तू म्हणालीस, "दादा, गाडी तापली नाही. आता तूही तापू नकोस, चहा घे." मामांनी चहा घेतला आणि शब्दही पाळला. सगळं दफ्तर आपणच पोचवलं. पुढे दुसरा ट्रक आला, मग हे गॅरेज. आणि तू शेवटपर्यंत आपल्या घरात, आपल्या चुलीसमोर मालकिणीसारखी राहिलीस. जिंकलो आपण, आई. चांगले दणकून जिंकलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकतो. गाडी गेली असती तरी माझं काही अडलं नसतं. इंदूरला माझी जागा राखून ठेवली होती. पण तू मामींच्या स्वयंपाकघरात उभी राहून, चहा टाकू का, असं विचारते आहेस, हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. ते तुला सांगणं जमलं नाही, म्हणून मी सारखा इंजिनाबद्दल बोलत राहिलो.