चटणीच्या डब्यातलं मानपत्र

लातूर, रविवार

प्रिय अक्का,

शरणु शरणार्थ. तुझा गुडघा कसा आहे हे आधी विचारतो, कारण मागच्या वेळी मी ते शेवटी विचारलं आणि तू महिनाभर लक्षात ठेवलंस. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या भावजयीची, अंजूची, मान दुखते, पण तिचंच म्हणणं, दुखण्याचं कारण घरातच बसलेलं आहे, औषधाचा उपयोग नाही. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि दाजी शेजारी पेपर वाचत असतात (वाचत नसतात, हे तुलाही माहीत आहे). म्हणून हे पत्र शेंगाच्या चटणीच्या डब्यात, झाकणाखाली घडी करून पाठवतो आहे. डॉक्टरांनी दाजींचं तिखट बंद केलं आहे, तेव्हा हा डबा बिलोलीत तुझ्याशिवाय कुणी उघडणार नाही.

दिवाळीनंतर मी कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी सोडली. दाजींनी शब्द टाकून लावलेली ती नोकरी, आणि सोडताना मी त्यांना विचारलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, बरं अक्षर आणि तीस वर्षं रोजनिशी लिहून हाताला लागलेली वाक्यं. त्यातून निघाला मानपत्रांचा धंदा. निवृत्ती, सत्कार, एकसष्टी, काहीही असो. जाड कागदावर हाताने लिहायचं आणि चौकटीत बसवून द्यायचं. लातुरात रोज कुणाचा ना कुणाचा सत्कार असतोच, तेव्हा धंदा चालायला हरकत नव्हती. हरकत माझ्या स्वभावाची निघाली. खात्री केल्याशिवाय मला विशेषण लिहवत नाही.

पहिलं मोठं काम आलं ते आडत दुकानवाले चन्नबसप्पा यांच्या एकसष्टीचं. त्यांच्या मुलांनी सांगितलं, 'दानशूर' लिहा. मी विचारलं, काय दान केलं? शेवटी आठवून आठवून महादेवाच्या देवळातला एक पंखा निघाला. मी देवळात जाऊन पाहून आलो. पंखा होता, आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर चन्नबसप्पांचं नाव होतं (फिरला की नाव दिसत नाही, म्हणून पुजारी तो बंदच ठेवतो). मी लिहिलं, 'आपण महादेवाच्या देवळास एक पंखा अर्पण केला.' मंडपात हे वाचलं गेलं तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "चालू हाय का?" दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नबसप्पा चौकट घेऊन माझ्या दारात. "सोमेशराव, एकसष्टी माझी होती. तुम्ही पंख्याची केलाव." ते गेल्यावर अंजू आतून म्हणाली, "अहो, तुम्ही मानपत्र लिहून राहिले का पंचनामा?"

त्यानंतर पंधरा दिवस मी काम घेतलं नाही. मला खरेपणा आवडतो, की दुसऱ्याचं कौतुक करायलाच जड जातं, असा प्रश्न रोजनिशीत लिहून ठेवला आहे. खालची जागा अजून कोरी आहे.

मग नागम्मांचं काम आलं. शाळेत खिचडी शिजवतात, त्या आता काम सोडणार होत्या. सोबतच्या बायांनी सांगितलं, "लई काही नको. बाई चांगली हाय, एवढं लिवा." मी तीन दिवस चुलीपाशी बसून आलो आणि एकच खरं वाक्य मिळालं. 'वीस वर्षं आपण खिचडी आधी स्वतः खाल्ली आणि अर्धा तास थांबून मगच लेकरांना वाढली.' वाचून झालं आणि टाळ्या सुरू व्हायच्या आधीच नागम्मा खुर्चीतूनच म्हणाल्या, "हे तुला कुणी सांगितलं रं? म्या तर कुणाला बोलले न्हाई." आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिन्ही दिवस त्यांना रिकामी ताटली मांडीवर घेऊन घड्याळाकडे बघताना पाहिलं होतं. नागम्मांना कशाला विचारायचं, म्हणून नंतर एका जुन्या मदतनीस बाईला विचारून खात्री केली (बाकी मी सुधारलेलो नाही).

हे ऐकून गेल्या आठवड्यात दोन शिक्षक आले, थेट बिलोलीहून. त्यांचे मुख्याध्यापक एकतीस तारखेला निवृत्त होताहेत. नाव अमृतराव. मी नातं सांगितलं नाही (हे खोटं बोलणं झालं का, यावर रोजनिशीत दोन पानं आहेत). त्यांनी यादी दिली: शिस्तप्रिय, मितभाषी, संयमी, विद्यार्थिप्रिय. शिस्त मी भोगलेली आहे. मितभाषी, याला आठ महिने मीच साक्षीदार. संयमी, याला हा न उघडलेला डबा पुरावा. अडलो शेवटच्या शब्दावर. आठवीत मी तुमच्याकडे राहायला होतो, दाजी नवे नवे मास्तर होते. माझी वही बघून म्हणाले, "हे अक्षर हाय का कोंबडी नाचली?" मग रोज एक पान शुद्धलेखन, आणि वाकड्या अक्षराखाली लाल रेघ. सगळा पावसाळा असाच गेला. एके दिवशी पानभर एकही रेघ नव्हती. दाजींनी वही मिटली आणि स्वतःबरोबर घेऊन गेले. ज्या अक्षरावर आज माझं घर चालतं ते त्या पानावरचं आहे, आणि हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

तुझा,
सोमेश

ता. क. ती वही दाजींनी ठेवली आहे का, ट्रंकेत पाहून कळव. असेल तर 'विद्यार्थिप्रिय' लिहितो. नसेल तर एखादा पंखा शोधावा लागेल.

ता. क. दोन. मानपत्र मीच येऊन वाचावं असं ते शिक्षक म्हणतात. घरी वाचून पाहिलं. लाल रेघेच्या वाक्यापाशी आलो की कागद अंजूच्या हातात देतो. आणि मला व्यासपीठावर बघून दाजी उठून गेले तर पुढचं कुणासमोर वाचायचं, हे ठरलेलं नाही.

ता. क. तीन. दाजी, नमस्कार. हे तुम्हीच आधी वाचताय. याआधीचे चार डबे कुणी संपवले ते अक्काने मला मागेच सांगितलं आहे. 'संयमी' मी खोडलं. वहीचंही आता तुम्हीच बघा, गुडघ्यामुळे अक्काला ट्रंकेपर्यंत वाकवत नाही. एकतीस तारखेला येऊ का?