मीठ खाल्लेला पाहुणा

२ फेब्रुवारी १९८०, ड्युसबर्ग, जर्मनी

लिही, नुराय. आज पाहुणा आला. माझ्या मुलाने, नेव्झातने, म्हणजे तुझ्या बापानेच, त्या तुर्की देशभक्तांच्या संघटनेच्या हॉलमधून आणला. तिथले सगळे स्वतःला लांडगे म्हणवतात. माझ्या नेव्झातला उंदीर दिसला तरी खुर्चीवर चढतो — हेही लिही!

तीन दिवस पाहुण्याला नाव-गाव विचारायचं नाही. वाढायचं.

"आजी, असा भात आईनंतर आजच!" म्हणाला. भात खाली लागला होता. खोटारडा! तरी आवडला मला मेला.

४ फेब्रुवारी

अजून आहे. पडदे ओढलेले. त्याला बाहेर जायचं नाही, म्हणून आम्हीही जायचं नाही. नुरायची शाळा बंद. "आजी, कंटाळलीस?" त्याने विचारलं. म्हटलं, "तुरुंगात निदान दुसरं कुणी रांधतं रे!" हसला नाही.

५ फेब्रुवारी

तुर्कस्तानातून, योझगातहून, लेकीचं पत्र. नुरायने वाचलं. माझ्या जावयाला, हुस्नू मास्तरला, नोव्हेंबरात शाळेच्या फाटकात गोळ्या घातल्या. त्याचा फोटो आलाय, वर्तमानपत्रातला — मारणाऱ्याचा. 'आई, हाच तो. युरोपात पळाला म्हणतात.'

फोटोत मिशी आहे. पण डावी भुवई मधोमध चिरलेली, पाहुण्याची आहे तशीच.

तो बाहेरच्या खोलीत माझी भरली वांगी खात होता.

६ फेब्रुवारी

नेव्झातला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आई, ते देशासाठी होतं."

"आणि हुस्नू कुठल्या देशाचा होता रे?"

म्हणाला, पाहुण्याला व्हिएन्नाहून इथे आणलं, इथून बाझलला नेतील, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. म्हणजे गावोगावी यांची घरं, आणि घरोघरी माझ्यासारखी एक खुळी चुलीपाशी! "तोंड उघडलंस तर मीही आत जाईन. मग तुला कोण बघेल?" घराची किल्ली त्याच्या खिशात.

माझं मीठ खाल्लंय त्या माणसाने. मीठ खाल्लेल्याला धरून देत नाहीत. माझ्या आईने मला हेच शिकवलं. लेकीला मी काय तोंड दाखवू, ते नाही शिकवलं.

७ फेब्रुवारी

त्याला चहा दिला. साखर किती, विचारून दिला. हात झडला नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी नेव्झात आणि पाहुणा जुम्म्याच्या नमाजापुरते बाहेर पडून हॉलमध्ये गेले, बाहेरून कुलूप लावून. सत्तराव्या वर्षी मी खिडकीतून उतरले! घागरा अडकला, नुरायने सोडवला. पोलीस ठाण्यात फोटो ठेवला. नुराय जर्मनमध्ये सांगत होती. मग त्यांनी विचारलं, याला घरात कुणी आणलं?

लिही, बाळ. थांबलीस का? तिथे बोललीस ना माझ्यासाठी, आता लिही — नेव्झात. माझा मुलगा.