वास बादलीचा नव्हता

अरे, तुझा फोन लागत नाहीये. शेजारच्या वहिनींना घेऊन दवाखान्यात जातेय. पिल्लू तुझ्या ताईकडे आहे.

घरातला तो घाणेरडा वास लंगोटांच्या बादलीचा नाही. सकाळी बादली फिनेलने घासून गच्चीत ठेवली, पिल्लूही घरात नव्हतं, तरी वास माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. मग सिझेरियनच्या टाक्यांवरची पट्टी उचलून बघितली. एका कोपऱ्यात टाके उसवलेत आणि हिरवट पू वाहतोय. बघताक्षणी ओकारी आली. स्वतःच्याच अंगाची इतकी किळस कधी वाटली नव्हती. आई म्हणाल्या, “बाळंतिणीला वास यायचाच गं,” आणि मी शिकलीसवरलेली बया मान डोलावत राहिले! बेसिन तसंच घाण पडलंय, तेवढं धू.

आणि हो, हल्ली तू पाठदुखीचं निमित्त काढून हॉलमध्ये झोपतोस. खरं कारण वासाचं असेल तर सांग, मी भांडणार नाही. वास कधीपासून येतोय, हे डॉक्टर पहिलं विचारतील. माझं नाक बादलीच्या वासाला सरावलेलं, हा कधी सुरू झाला ते मला नाही सांगता यायचं. तुला येईल. लगेच दवाखान्यात ये.