रेकॉर्डरूमला ड्रायव्हिंग लायसन

यॉर्क पेनिन्सुला,
१४ ऑगस्ट

तीर्थस्वरूप लॉरेलआत्या,

टेगनचा वाकून नमस्कार (वाकताना पांढरी काठी मध्ये येते, तेवढं सांभाळून घे). अक्षरं एवढी मोठी आहेत ती तुझ्यासाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत. याहून लहान काढली तर मी काय लिहिलंय ते माझं मलाच दिसत नाही. तुझा गुडघा कसा आहे? बाबा सांगत होते की डॉक्टरांनी नवा बसवून घ्यायला सांगितलं आणि तू त्यांच्या हातात डझनभर अंडी ठेवून जुन्या गुडघ्यावरच घरी आलीस. तुझा कुत्रा बिस्किट अजून पोस्टमनच्या मोटरसायकलमागे धावतो का? इकडे आम्ही सगळे मजेत. आईला सर्दी आहे, बाबांना फुटबॉल आहे आणि मला नोकरी नाही.

पदवी मिळाल्याला आता वीस महिने झाले. इतिहास आणि दप्तरव्यवस्था, पहिला वर्ग. (हे तुला बाबांनी सांगितलं असेलच, ते पेट्रोल पंपावर अनोळखी लोकांनाही सांगतात.) या वीस महिन्यांत मी त्रेसष्ट अर्ज केले. चाळीस ठिकाणांहून उत्तरच नाही. बाकीच्यांचं म्हणणं एकच, अनुभव कमी पडतो. एका जाहिरातीत तर वरच्या ओळीत ‘नवशिक्यांसाठी’ असं होतं आणि खालच्या ओळीत ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’. मी फोन करून विचारलं की असला नवशिका तुम्ही कुठून आणणार आहात, तर त्या बाई म्हणाल्या, तुमचा सूर मला आवडला नाही. माझा सूर मलाही हल्ली आवडत नाही, पण तो या लोकांनीच असा करून ठेवलाय.

माझ्यासारख्यांना नोकरी शोधून द्यायला सरकारी पैशावर एक माणूस नेमलेला आहे. डॅरेन त्याचं नाव. दर पंधरा दिवसांनी त्याच्यासमोर हजर राहून, मी नोकरी शोधते आहे हे पटवून द्यावं लागतं. (शोधायची त्याने असं मला वाटत होतं. तो माझा गैरसमज होता.) सही करायचा फॉर्म मुंगीएवढ्या अक्षरांत आणि तोही करड्या रंगात. बसल्याबसल्या तो विचारतो, “काय मग, डोळ्यांत काही फरक?” मी म्हणते, “जन्मापासून नाही.” तो ते टाईप करून घेतो, टकटक ऐकू येते. गेल्या ऑक्टोबरमध्ये तो खुशीत होता. म्हणाला, तुझ्यासाठीच केल्यासारखं काम आलंय. काम काय, तर बार्लीच्या हंगामात धान्य साठवायच्या सायलोवर खिडकीत बसून येणाऱ्या ट्रकचे नंबर लांबून वाचायचे. मी म्हटलं, “डॅरेन, मला अख्खा ट्रक दिसला तरी पुष्कळ झालं.” तर म्हणतो, “अगं, पण बसून करायचं काम आहे.” अपंग माणसाला उभं राहणं जमत नाही, एवढं एकच त्याला कुणीतरी शिकवलेलं आहे आणि ते तो सगळ्यांना सारखं लावतो.

मग अनुभव मिळावा म्हणून त्याने मला चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात बिनपगारी पाठवलं. तिथल्या मॉरीन ओक्सबाईंनी मला दारातच दंडाला धरून खुर्चीत नेऊन बसवलं, हातात चहा दिला, मांडीवर लॅमिंग्टनची (चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेल्या केकची) बशी ठेवली आणि म्हणाल्या, “तू बस गं राणी, धडपडशील कुठेतरी.” तीन आठवडे मी बसले. एकदा उठून बटणांचा डबा निवडायला घेतला (बटणं मी बोटांनी कुणाहीपेक्षा लवकर निवडते), तर डबा काढून घेतला आणि त्या जागी दुसरं लॅमिंग्टन आलं. शेवटी त्यांनी पत्र दिलं: मुलगी गोड आहे, काही त्रास नाही. फुलदाणीबद्दल याहून वेगळं काय लिहितात? माझं दोन किलो वजन वाढलं, तोच काय तो अनुभव.

आता मुख्य गोष्ट. जुलैत कौन्सिलची जाहिरात आली. रेकॉर्डरूममध्ये सहायक, जुने नकाशे, ठराव, परवाने लावून, नोंदून ठेवायचे. अगदी माझं काम. आणि तळाला अट, ‘वैध ड्रायव्हिंग लायसन आवश्यक’. मी कौन्सिलच्या जॅनीनला फोन केला. म्हटलं, रेकॉर्डरूम तळघरात आहे ना? आहे. मग चालवायचं काय आहे? ती म्हणाली, “चालवायचं काही नाही गं. आधीच्या जाहिरातीत होतं, म्हणून ठेवलं. सगळ्याच जाहिरातींत असतं.” मग काढून टाका. “ते मला नाही काढता येणार, त्याची मीटिंग असते.” म्हणजे पोहण्याच्या तलावावरच्या माणसालाही, फोन उचलणाऱ्या मुलीलाही, तळघरातल्या कपाटांनाही लायसन. या भागात ज्याला गाडी चालवता येत नाही तो माणूस एकतर सोळा वर्षांखालचा असतो नाहीतर दारू पिऊन पकडलेला, तिसरा प्रकार कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी त्या रकान्यात लिहिलं, ‘नाही, पण कपाटं जागेवरच राहतील याची हमी देते’, आणि अर्ज धाडला.

बोलावलं, आत्या. मुलाखतीच्या दहा मिनिटं आधी प्रश्न कागदावर हातात देतात, विचार करून ठेवायला. मी मोठ्या अक्षरांत मागितले होते आणि त्यांनी आनंदाने कबूलही केलं होतं. कागद आला. कौन्सिलचं बोधचिन्ह सुपाएवढं केलेलं आणि खाली प्रश्न होते तसेच बारीक. जॅनीनने ते मला हळूच वाचून दाखवले, देव तिचं भलं करो. आत जॅनीन धरून तिघेजण. साहेबाचं नाव जेफ, तो माझ्याशी एकेक शब्द तोडून, ओरडून बोलत होता. मी म्हटलं, मला ऐकू उत्तम येतं. तो म्हणाला, “छान, छान,” तेवढ्याच मोठ्याने. मग प्रश्न, अलीकडे एखादी अडचण आली आणि तुम्ही ती कशी सोडवली ते सांगा. मी म्हटलं, दहा मिनिटांपूर्वीची सांगू का? जॅनीनला ठसका लागला.

पण नंतर मी विचारलं की कागद सध्या कुठल्या क्रमाने लावलेत, तर तिघेही एकमेकांनाच विचारायला लागले. क्रम फक्त आधीच्या सहायकाला, मर्व्हला ठाऊक होता, आणि मर्व्ह एप्रिलमध्ये निवृत्त होऊन कॅरव्हॅन घेऊन उत्तरेला गेला, फोन उचलत नाही. मग मी अर्धा तास बोलले. नोंदवही कशी करायची, खोक्यांवर बोटांना लागतील असे आकडे कसे घालायचे, म्हणजे उद्या मी कॅरव्हॅन घेऊन गेले तरी (नाही जाणार, लायसन नाही) कुणाचं अडू नये. जेफ ओरडायचा थांबला. लिहून घेत होता.

परवा फोन आला. मी त्यांना पसंत आहे. फक्त माझ्या कामाची खात्री देणारी दोन माणसं हवीत, आणि दोघांच्याही हाताखाली मी प्रत्यक्ष काम केलेलं हवं. विद्यापीठातल्या ग्रंथपालबाई एक झाल्या. मॉरीनबाई चालणार नाहीत, लॅमिंग्टन खाणं हे काम धरत नाहीत. मला ही नोकरी हवी आहे, आत्या. इतकी की रात्री मनातल्या मनात खोकी लावते. कुणी कीव करून दिलेली नको. मला ते काम येतं म्हणून हवी आहे. पण ते येतं हे सांगायला दुसरा माणूस नाही. असो. माझं रडगाणं पुरे. गुडघ्याला जप, आणि डॉक्टरांचं ऐक.

तुझी,
टेगन

ता. क. तुझा फोन नंबर मी कालच त्यांना दिला. पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला जेफ फोन करील. ओरडला तर घाबरू नकोस.

ता. क. २. खोटं काही सांगायचं नाहीये. तुमच्या गावच्या वार्षिक शेतकी शोमध्ये केकस्पर्धेच्या मांडवात मी सहा वर्षं तुझ्या हाताखाली राबले. चिठ्ठ्या, आकडे, परीक्षकांचे गुण, सगळं मी लिहायचे आणि एक नोंद चुकली नाही. सहाव्या वर्षी काय झालं ते तुला ठाऊक आहे. शोच्या अध्यक्षांच्या बायकोचा पहिल्या नंबराचा फ्रूटकेक विकतचा आहे, हे मी भर मांडवात म्हणायला नको होतं, निदान ती बाई माझ्या मागे उभी असताना तरी. पण तो विकतचाच होता. तळाला कारखान्याच्या पत्र्याच्या साच्याच्या रेघा होत्या आणि त्या माझ्या बोटांना लागल्या. तुम्ही डोळेवाले वरचे बदामच बघत बसलात. तू माफी मागायला सांगितलंस, मी मागितली नाही, तू म्हणालीस उद्यापासून येऊ नकोस. तेव्हापासून आपण बोललो नाही. जेफने माझा प्रामाणिकपणा विचारला तर केकची गोष्ट खुशाल सांग. चार माणसांत कशी वागते असं विचारलं तर मात्र नको.

ता. क. ३. हे पत्र बाबांच्या हाती रविवारी पाठवते आहे. त्यांना वाटतंय की यात तुझ्या गुडघ्याची चौकशी आहे. फोन केला नाही, कारण आवाज ओळखून तू ठेवून दिला असतास, आणि मग माझ्याकडे दुसरं काही उरलं नसतं.

ता. क. ४. फोनवर शेवटी एक प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात, असं जॅनीन सांगत होती: या मुलीला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का? जेफला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पण त्याच्या आधी एकदा मला सांग.